जुन्या शेव्हेलचं पुढचं सस्पेन्शन: बोल्ट नेमके कधी आवळायचे?

वुडवर्डकर

नमस्कार मंडळी. मी डेट्रॉइटच्या उत्तरेला राहतो. माझ्याकडे १९६९ची शेव्हेल मालिबू आहे, ३५० घनइंची व्ही-८ इंजिनवाली. इथे वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर १९९५पासून दर ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांचा मोठा मेळा भरतो. त्यात आपली गाडी आपण दुरुस्त करून न्यायची, एवढ्यासाठी तीन वर्षं शनिवार-रविवार गॅरेजमध्ये घालवतोय.

गेल्या वर्षी एका गॅरेजमध्ये पुढच्या सस्पेन्शनचे सगळे बूश, म्हणजे सांध्यांतल्या गाद्या, नवीन बसवून घेतले. रबराचेच, मूळ होते तसे. गाडी घरी आली तेव्हाच पुढून उंच वाटत होती. मोजलं तर मडगार्डची कड पाऊण इंच वर. गॅरेजवाले म्हणाले, "नवीन आहे, बसेल हळूहळू." बसली नाही. रस्त्यावरचा छोटा खड्डासुद्धा हाताला जाणवायचा. जेमतेम १४०० मैल झाल्यावर परवा चाक काढून टॉर्च मारला, तर खालच्या आर्मच्या (चाकाला चॅसिसशी जोडणारा हलता दांडा) मागच्या बूशमध्ये आतल्या नळीभोवती रबर अर्धचंद्रासारखं फाटलेलं. नखाने उचकटलं तर नख आत गेलं. दुसऱ्या बाजूला तीच गत, फक्त चीर थोडी कमी.

इथला एक ओळखीचा माणूस म्हणाला की चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळले असणार. आता मी सगळं स्वतः करणार आहे. नवे बूश आणलेत, शॉप मॅन्युअल आहे, टॉर्क पाना आहे. मॅन्युअलमध्ये आकडे मिळतात, पण कुठला नट कधी आवळायचा आणि का, हे नीट उमगत नाही. जाणकारांनी सांगावं.

निवृत्त_फिटर

ओळखीच्या माणसाने बरोबर सांगितलं. मी पिंपरीत गाड्यांच्या जुळणीवर बत्तीस वर्षं काढली. शेव्हेल कधी हाताळली नाही, पण रबरी बूश सगळीकडे एकाच तत्त्वावर चालतो.

बूशमध्ये तीन गोष्टी असतात. बाहेरचं लोखंडी कवच, ते आर्ममध्ये दाबून बसवलेलं. आतली नळी, तिच्यातून बोल्ट जातो. आणि दोघांना धरून ठेवणारं रबर. बोल्ट आवळला की ब्रॅकेटच्या दोन भिंती आतल्या नळीला दोन्हीकडून चावतात आणि नळी चॅसिसशी एकजीव होते. तिने अजिबात फिरायचं नसतं. आर्म वर-खाली होतो तेव्हा कवच आर्मबरोबर फिरतं, नळी जागेवर राहते, मधलं रबर पिळलं जातं. ओलं धोतर पिळताना एक हात स्थिर आणि दुसरा फिरतो ना, अगदी तसं.

म्हणजे ज्या क्षणी तुम्ही बोल्ट आवळता, त्या क्षणी आर्म जिथे असेल ते रबराचं शून्य. चाक लोंबकळताना आवळला तर शून्य खाली. मग गाडी जमिनीवर टेकवली की रबर उभ्या जागी पिळलेलं. दिवसरात्र. त्यावर खड्डा आला की पीळ आणखी वाढतो, रबराची मर्यादा संपते आणि नळीजवळ फाटतं. नळीजवळच का, तर तिथे घेर सगळ्यात कमी, म्हणून ताण सगळ्यात जास्त. तुमची गाडी पुढून उंच दिसत होती तीही त्यामुळेच. चार-चार पिळलेले बूश प्रत्येक बाजूला आर्मला खाली ढकलत होते, जणू एक जादा स्प्रिंग.

तेव्हा नियम एकच. बूशमधून जाणारा प्रत्येक बोल्ट गाडीचं वजन चाकांवर असताना आवळायचा. तोवर हाताने पोचवून ठेवायचा, नट पडणार नाही इतपत.

वुडवर्डकर

काका, पहिल्यांदाच कुणीतरी हे असं उलगडून सांगितलं. पण गाडी जमिनीवर असताना पाना घालायचा कुठून? खालच्या आर्मचे बोल्ट कसेबसे दिसतात. वरच्या आर्मच्या शाफ्टच्या टोकांचे नट तर मडगार्डच्या आतल्या पत्र्याआड आहेत.

लाल_मस्टँग

माझी १९६७ची मस्टँग आहे, ह्यूस्टनमध्ये. मी जाड लाकडी फळ्यांचे ठोकळे केले, एकावर एक स्क्रूने जोडून, चारही चाकांखाली सारख्या उंचीचे. फक्त पुढची चाकं उचलली तर वजन थोडं मागे सरकतं, म्हणून चारही. चढवल्यावर पुढचा बंपर दोन्ही हातांनी चार-पाच वेळा जोरात दाबायचा आणि गाडी वीतभर पुढे-मागे ढकलायची. हे टाळू नका. जॅकवरून उतरलेली चाकं आत ओढलेली असतात, टायर जमिनीला चिकटून राहतो आणि गाडी खऱ्या उंचीवर येत नाही.

ठोकळे नसतील तर घोडी (जॅक स्टँड) खालच्या आर्मखाली, बॉल जॉइंटच्या (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा गोल सांधा) जितकी जवळ लावता येईल तितकी जवळ लावा. म्हणजे वजन स्प्रिंगमधूनच जातं आणि आर्म जवळपास बरोबर जागी येतो. मागच्या चाकांना उटी लावा. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरू नका. (हे शेव्हेलसाठी. मस्टँगमध्ये स्प्रिंग वरच्या आर्मवर असते, पण वजन शेवटी चाकावरूनच येतं, त्यामुळे युक्ती तीच.)

शाफ्टच्या टोकांसाठी चाक काढावं लागतं, म्हणून तिथे घोडीचीच पद्धत.

जिज्ञासू_नाशिक

एक शंका. इंजिन गाडीत नसेल तर? मी यूट्यूबवर पाहिलं, लोक मोकळी चॅसिस रंगवून, सस्पेन्शन जोडून, सगळं आवळून मग बॉडी चढवतात.

निवृत्त_फिटर

चांगला प्रश्न. इंजिन नाही म्हणजे स्प्रिंग दबलेली नाही, आर्म खालीच. तेव्हा आवळणं म्हणजे लोंबकळताना आवळण्यासारखंच. इंजिन, बॉडी, रेडिएटरमधलं पाणी, बॅटरी, सगळं चढेपर्यंत ते बोल्ट सैल ठेवायचे आणि प्रत्येकावर लाल चिंधी बांधायची. आमच्या लाइनवर अर्धवट काम दिसावं म्हणून असंच काहीतरी बांधत. विसरलेला सैल बोल्ट हा चुकीच्या वेळी आवळलेल्या बोल्टापेक्षा वाईट.

टॉर्शन_बार

माझी १९७०ची प्लिमथ. क्रायस्लरच्या त्या गाड्यांना पुढे कॉइल स्प्रिंग नाही, लांब टॉर्शन बार आहेत आणि उंची एका अ‍ॅडजस्टिंग बोल्टने लावतात. म्हणून आमच्याकडे आधी उंची लावायची, मगच खालच्या आर्मच्या पिव्हटचा नट आवळायचा. पुढे कधी उंची बदलली तर तो नट परत सैल करून परत आवळायचा. बहुतेकजण हे दुसऱ्या वेळी विसरतात.

क्लीव्हलँडवासी

मी वीस वर्षं लिफ्टवरच आवळतोय, चाकं हवेत असताना. एकदाही बूश फाटला नाही. उगाच बाऊ करताय असं वाटतं.

लाल_मस्टँग

तुमचे बूश कशाचे आहेत?

क्लीव्हलँडवासी

पॉलियुरेथेन. काळे.

लाल_मस्टँग

म्हणूनच. पॉलियुरेथेन बूश नळीला चिकटवलेला नसतो, तो नळीवर घसरतो. त्याला शून्य वगैरे नाही, कुठेही आवळा. त्याला फक्त ग्रीस लागतं, नाहीतर तो कुरकुरतो. चिकटवलेल्या रबराचा हिशोब वेगळा. माझ्या मस्टँगच्या वरच्या आर्ममध्येही मूळचे लोखंडी, आटे असलेले बूश आहेत. ते शाफ्टच्या आट्यांवर फिरतात आणि त्यांना ग्रीसच लागतं. पण त्याच आर्मवर स्प्रिंगचं जे बसकं आहे त्यात रबर आहे, आणि त्याचे नट बसकं आडवं, सपाट धरूनच आवळायचे. एकाच गाडीत दोन्ही प्रकार. आपल्या गाडीत काय आहे हे आधी बघायचं.

क्लीव्हलँडवासी

हे माहीत नव्हतं. रबरवाल्यांना माझा सल्ला लागू नाही, मागे घेतो.

वुडवर्डकर

आता टॉर्कचं विचारतो. काढलेले बोल्ट धुऊन, तारेच्या ब्रशने घासून ठेवलेत. पुन्हा गंज धरू नये म्हणून आट्यांना इंजिन ऑइल लावलंय. मॅन्युअलचाच आकडा वापरू ना?

निवृत्त_फिटर

थांबा. तेल आधी पुसा. हे नीट समजून घ्या, कारण इथे भले-भले चुकतात.

पाना जो आकडा दाखवतो तो बोल्टाचा ताण नव्हे. तो नट फिरवायला लागलेला जोर. त्यातला फार मोठा भाग, साधारण ८५ ते ९० टक्के, नटाच्या तळाचं आणि आट्यांचं घर्षण खातं. उरलेला दहा-पंधरा टक्के बोल्टाला ताणतो. बोल्ट ही एक अतिशय ताठ स्प्रिंग आहे. ती ताणली जाते आणि परत आखडू बघते, त्या आखडण्याने ब्रॅकेट नळीला चावतो. आपल्याला हवा असतो तो चावा.

आता हिशोब करू. अर्धा इंची, इंचाला १३ आट्यांचा, ग्रेड ५चा बोल्ट घ्या. ग्रेड कसा ओळखायचा? डोक्यावर तीन रेघा असतील तर ५, सहा असतील तर ८, काहीच नसेल तर २. हा ग्रेड ५चा बोल्ट कोरडा असताना ७५ पाउंड-फूट जोर लावला की त्यात सुमारे ९००० पाउंड ताण येतो. चार टनांहून थोडा जास्त. बोटभर जाडीच्या सळीत चार टन! हा ताण त्याच्या सुरक्षित मर्यादेच्या पाऊणपट, म्हणजे योग्य. आता त्याच आट्यांना तेल लावा आणि तेच ७५ ओढा. घर्षण कमी झालं, म्हणून ताण जवळजवळ १२००० पाउंडांवर जातो. ती त्या बोल्टाची मर्यादाच. पान्यावर आकडा अगदी बरोबर दिसतोय आणि बोल्ट कायमचा लांबायच्या बेतात आहे. तेल लावून तोच चावा हवा असेल तर ५६-५७वरच थांबायला हवं.

म्हणून मॅन्युअलने तेल लावा असं म्हटलं नसेल तर कोरडाच. आणि बोल्ट बदलताना रेघा मोजून त्याच ग्रेडचा घ्या. दुकानदार देईल तो चमकदार बोल्ट नको.

जिज्ञासू_नाशिक

आमच्या इथे जुने मिस्त्री किलो-मीटरमध्ये बोलतात. ७५ पाउंड-फूट म्हणजे किती?

निवृत्त_फिटर

सुमारे १०.४ किलो-मीटर. न्यूटन-मीटर हवे असतील तर १.३५६ने गुणायचं, म्हणजे १०२च्या आसपास. पान्यावर दोन पट्ट्या असतात. कुठली वाचतोय हे दरवेळी मोठ्याने म्हणायचं. आम्ही म्हणायचो.

टॉर्शन_बार

पान्याबद्दल थोडं. क्लिकवाला असेल तर एका संथ ओढीत क्लिकपर्यंत जायचं, एकदाच. दोन-तीनदा टक-टक केलं की दरवेळी नट थोडा पुढे जातो. काम संपलं की सेटिंग सगळ्यात खाली आणून ठेवायचं. १५० पाउंड-फुटांच्या पान्याने २० लावायला जाऊ नका, पट्टीच्या तळाशी त्यावर विश्वास नसतो. आणि इम्पॅक्ट गन फक्त सोडवायला. बसवताना शेवटचा पीळ हाताचाच.

लाल_मस्टँग

शेव्हेलला कॅम्बर (चाकाचा उभा कल) लावायला वरच्या आर्मचा शाफ्ट आणि चॅसिसच्या मध्ये शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) असतात ना? माझ्याकडे १९६७पासून खालच्या आर्मला एक्सेंट्रिक (मध्याबाहेर छिद्र असलेली चकती) आलं, १९६५-६६च्या मस्टँगला मात्र शिमच होत्या. शिम काढताना पुढची आणि मागची गड्डी वेगवेगळी बांधून ठेवा, नाव लिहून. आणि परत बसवताना ज्या बाजूला पातळ गड्डी आहे तो नट आधी आवळा. जाड गड्डीची बाजू आधी ओढली तर शाफ्ट तिरका अडकतो आणि पातळ बाजूची पकड खरी बसत नाही.

आणखी एक. तुम्ही आर्म पावडर कोट करून घेतलेत का? असतील तर जिथे जिथे लोखंडाला लोखंड भिडतं, तिथला रंग खरवडून टाका. जाड रंग दाबाखाली हळूहळू पसरतो आणि टॉर्क लावून ठेवलेला बोल्ट महिन्याभरात आपोआप सैल होतो. माझ्या एक्सेंट्रिकखाली रंग राहिला होता. दोन आठवड्यांत कॅम्बर सरकला, टायरची आतली कड खाल्ली.

वुडवर्डकर

पावडर कोटच केलंय. मग सगळे तोंडांचे भाग घासावे लागणार. बरं झालं सांगितलंत.

बॉल जॉइंटचा नट मात्र गाडी वर असतानाच आवळायचा ना? त्यात रबर नाही.

निवृत्त_फिटर

हो. बॉल जॉइंट कुठल्याही कोनात फिरतो, त्याला उंचीचं बंधन नाही. पण तिथे तीन गोष्टी सांभाळा. बॉल जॉइंटची निमुळती दांडी आणि नकलमधलं (चाकाचा आस धरणाऱ्या भागातलं) निमुळतं छिद्र, दोन्ही कोरडी आणि स्वच्छ हवीत. ग्रीस लागलं तर दांडी जास्तच आत खेचली जाते. दुसरं, टॉर्क लागला आणि स्प्लिट पिनचं छिद्र जुळलं नाही तर नट पुढेच न्यायचा, पुढच्या खाचेपर्यंत. मागे कधीही नाही. मागे घेतला म्हणजे निमुळत्या दांडीची पकड सोडली, मग ती छिद्रात हलायला लागते आणि एक दिवस मान मोडते. तिसरं, पिन नवीनच, दर वेळी.

आणि स्प्रिंग. ती बसवताना किंवा काढताना बॉल जॉइंटचा नट पूर्ण काढू नका, चार-पाच आट्यांवर ठेवून दांडी सोडवा. खालच्या आर्मखाली जॅक, स्प्रिंगमधून चॅसिसला साखळी. दबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जातो. यात घाई नको, एकट्याने तर नकोच.

टॉर्शन_बार

पिनच्या नियमात एक अपवाद आहे, तो सांगितलाच पाहिजे. पुढच्या हबच्या बेअरिंगचा नट. त्यालाही खाच आणि स्प्लिट पिन असते, पण तिथे उलटं. चाक हाताने फिरवत फिरवत नट १२ पाउंड-फूट लावायचा, म्हणजे बेअरिंग आणि ग्रीस नीट बसतात. मग सैल करायचा, बोटांनी नुसता टेकवायचा आणि छिद्र जुळत नसेल तर मागे घ्यायचा, सगळ्यात जवळच्या खाचेवर. शेवटी चाकाला किंचित ढील राहिली पाहिजे, इंचाचे एक ते पाच हजारांश. बॉल जॉइंटची सवय हाताला लागली आणि इथेही नट पुढे नेला तर बेअरिंग तापून जळतं. दोन नट, दिसायला सारखे, एक पुढे, एक मागे.

जिज्ञासू_नाशिक

हे वहीत लिहून ठेवलं.

लाल_मस्टँग

अँटीरोल बारच्या लिंकचे रबरी मणी राहिले. तेही वजन चाकांवर असतानाच. तिथे टॉर्कपेक्षा डोळा बरा. रबर फुगून वॉशरच्या कडेला आलं की थांबायचं. वॉशरच्या बाहेर लोळायला लागलं तर जास्त झालं. शॉकअपच्या वरच्या दांडीचंही तसंच.

वुडवर्डकर

तीन आठवड्यांनी लिहितोय. काम झालं.

खालच्या आर्मचा मागचा बोल्ट बूशच्या नळीत गंजून बसला होता. पेनिट्रेटिंग ऑइल मारून रात्रभर ठेवला, दुसऱ्या दिवशी हलला. भिडणारी सगळी तोंडं घासून लोखंड उघडं केलं आणि उघड्या पट्टीवर नंतर बाहेरून पातळ रंगाचा हात मारला. बायकोने स्प्रिंगच्या वेळी जॅकचा दांडा धरला. साखळी लावली होती.

काकांचं ऐकून आठ बोल्टांना लाल चिंध्या बांधल्या. मुलगी नऊ वर्षांची, तिला मोजायचं काम दिलं. ठोकळे केले, चारही चाकांखाली. बंपर दाबला, गाडी ढकलली, परत दाबला. खालच्या आर्मचे बोल्ट तिथेच आवळले. मग चाकं काढून, घोड्या आर्मखाली लावून, वरच्या शाफ्टच्या टोकांचे नट. डावीकडच्या मागच्या नटाला पाना सरळ बसेना, तेव्हा क्रोफूट (पान्याला लावायचं उघड्या तोंडाचं टोक) वापरला, टॉर्क पान्याला काटकोनात धरून, म्हणजे आकडा बदलत नाही. प्रत्येक क्लिक झाला की नट आणि ब्रॅकेट दोघांवरून पिवळ्या रंगाची एकच रेघ ओढली. नट हलला तर रेघ तुटलेली दिसेल. मुलीने आठ चिंध्या टेबलावर ओळीत मांडल्यावरच गाडी खाली घेतली.

उंची मोजली. आधीपेक्षा दोन्हीकडे पाऊण इंच खाली, दोन्ही बाजूंत पाव इंचाचाही फरक नाही. स्प्रिंग त्याच, टायर तेच. म्हणजे तो पाऊण इंच खरंच बूशचा होता.

जुना फाटका बूश उभा कापून पाहिला. चीर नळीच्या वरच्या अर्ध्या भागात, आत खोलवर. खालचा अर्धा कोरा करकरीत. काका, तुम्ही म्हणालात ते डोळ्यांनी दिसलं.

निवृत्त_फिटर

तो कापलेला बूश टाकू नकोस. पुढच्या माणसाला दाखवायला उपयोगी पडेल. आणि ५०० मैलांनी पिवळ्या रेघा बघ, पाना परत एकदा लाव. कोटिंग केलेले आर्म आहेत, कुठेतरी रंग राहिलाच असेल. पाना लावायचा तोही गाडी ठोकळ्यांवरच.

वुडवर्डकर

हो काका. शुक्रवारी अलाइनमेंट आहे. शिमच्या चार गड्ड्या होत्या तशाच बसवल्यात, पुढच्या-मागच्या नावानिशी. अलाइनमेंटवाल्याला पातळ गड्डीचा नट आधी आवळायला सांगेन, आणि तो करेपर्यंत तिथेच उभा राहीन.